मूळ कळप

तिसऱ्या शेडमध्ये चोवीसशे कोंबड्या होत्या आणि त्या दिवसाला साधारण पाचशे सत्तर लिटर पाणी पीत. ऊन वाढलं की हा आकडा चढे, गारठ्यात थोडा उतरे, पण एका दिवसात वीस लिटरच्या वर कधी हलत नसे. मंगळवारी संध्याकाळी मीटरवर पाचशे अठरा भरले. बुधवारी चारशे एकेचाळीस.

हे पहिल्यांदा सुनेच्या लक्षात आलं. पाण्याचा मीटर वाचणं हे या घरात तिचं काम. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी आजेसासऱ्यांनी ते तिच्याकडे दिलं आणि सांगितलं, की आजारी कोंबडी आधी पाणी सोडते, मग दाणा, मग अंडं. तुरा निळा पडेपर्यंत जो थांबला तो कोंबडीवाला नव्हे. तिने नवऱ्याला आकडे दाखवले. तोट्या तुंबल्या असतील म्हणत त्याने सगळी नळी काढून धुतली. गुरुवारी नऊ मेल्या. शुक्रवारी एकतीस. शनिवारी नव्वद.

गुरुवारीच तिच्या नवऱ्याने, घरातल्या थोरल्याने, त्यांतल्या तीन उघडून पाहिल्या. शेडमागे नळाजवळ एक सपाट दगड आहे, त्यावर. आपला पक्षी आपण उघडायचा, ही या घरातली आजोबांपासूनची रीत. हातमोजे आजोबांना चालत नसत. काळीज घट्ट आहे की भुसभुशीत, हे बोटांना कळतं, रबराला कळत नाही, असं ते म्हणत. थोरल्याची मुलगी कोंबडीचे पाय धरून उभी होती, कारण तिला शिकायचं होतं. पोटातल्या चरबीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होते. थोरल्याने ते पाहिले, नळाखाली हात धुतले आणि मानमोडी, कोंबड्यांचा नेहमीचा रोग, असेल म्हणाला. मानमोडीची लस आठ आठवड्यांपूर्वी देऊन झाली होती, आणि ती त्यानेच दिली होती.

शुक्रवारी दुपारी सुनेने नवऱ्याला न सांगता नणंदेला फोन केला. दोघींत सणावाराला विचारपूस होई तेवढीच. या वेळी सुनेने फक्त आकडे वाचून दाखवले, पाण्याचे आणि मरतुकीचे. नणंदेने, म्हणजे घरातल्या धाकटीने, विचारलं, दादाने पक्षी उघडला का. सून म्हणाली, तीन.

रविवारी सकाळी मेलेल्या मोजायला कुणी गेलं नाही. दहाच्या सुमारास धाकटी शहरातून आली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली.

*

आत येणार नाही, असं तिने आईला फाटकाच्या गजांतूनच सांगितलं. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करत होती. इथली माती बुटांना लावून तिथे जायचं आणि तिथलं इथे आणायचं, दोन्ही तिला नको होतं. एक खुर्ची मात्र हवी होती. बारकीने ती फाटकावरून उचलून दिली. बारकी म्हणजे थोरल्याची मुलगी, वीस वर्षांची आणि घरात सगळ्यांत उंच, पण नाव पडलं ते पडलं.

"वाटणीच्या वर्षीसुद्धा कुणी फाटकाबाहेर बसलं नव्हतं," काका म्हणाले. "आणि तेव्हा आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो."

"तेव्हा नुसती भांडणंच पसरत होती, काका," धाकटी म्हणाली.

काका हसले. ते थोरल्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर उबवणीची खोली आणि पहिली शेड त्यांनीच सांभाळली. ते गाडीला टेकून उभे होते, आणि त्यांची गाडी आज तोंड रस्त्याकडे करून लावलेली होती, हे धाकटीने आल्या आल्या पाहिलं.

आतल्या अंगणात खुर्च्या धाकटीने फोनवर सांगितल्या तशा लांब लांब मांडल्या होत्या. त्यामुळे प्रत्येकाला थोडं मोठ्याने बोलावं लागत होतं आणि साधं वाक्यही भांडल्यासारखं वाटत होतं. आई मध्ये. सून पॅकिंगच्या खोलीच्या दारात. थोरला सगळ्यांत मागे, पालथ्या घातलेल्या बादलीवर, सावलीत बसूनही काळा गॉगल लावून. बारकी त्याला सकाळपासून हीरो म्हणत होती.

बोलणं सुरू झालं ते लोकांवरून. दोन आठवडे बातम्यांत बर्ड फ्लूशिवाय दुसरं काही नव्हतं. लांबच्या एका फार्मवर पक्षी मेले, मग तिथला एक कामगार इस्पितळात गेला, आणि त्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या दुकानदाराने अंडी ठेवणं बंद केलं. शाळेने मुलांच्या डब्यात अंडं नको अशी चिठ्ठी काढली. समोरची शेजारीण, जिच्या तिन्ही बाळंतपणांत या घरातून अंडी गेली होती, ती आता नातवाला घेऊन रस्त्याच्या पलीकडून चालत होती. काकांना या सगळ्याची चीड होती. नीट शिजवलेल्या अंड्याने कुणाला काही होत नाही, हे धाकटीनेच सांगावं, ती शिकलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. बातमीत कोंबड्या म्हणून बदकं दाखवतात, आणि अशा लोकांच्या भीतीपायी आपण आपलं घर बुडवायचं का?

धाकटीने मान्य केलं. शिजवलेल्या अंड्याने काही होत नाही. रस्त्याच्या पलीकडून चालणाऱ्यालाही बहुतेक काही होत नाही. लोक घाबरतात ते चुकीच्या गोष्टीला, आणि म्हणून भिण्यासारखी गोष्ट बाजूलाच राहते.

"ती कुठली?" आईने विचारलं.

त्या कामगाराचा नमुना धाकटीच्याच टेबलावर आला होता. त्याच्याबद्दल बाहेर काही बोलायची तिला मुभा नव्हती, आणि नळीवरच्या आकड्यांपलीकडे तिला फार माहीतही नव्हतं. पण अर्जावर एक रकाना असतो, रुग्णाचा पक्ष्यांशी संबंध कसा आला याचा, आणि त्यात कुणीतरी घाईत लिहिलं होतं: मेलेले पक्षी पोत्यात भरले, उघड्या हातांनी. हे ती इथे बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, की भिण्यासारखी गोष्ट मेलेल्या पक्ष्यात हात घालणं ही आहे, आणि दादाने आधी गॉगल काढावा.

थोरला हलला नाही. सुनेने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यावरून आईला कळलं की सुनेला ठाऊक आहे.

"काढ की," आई म्हणाली.

त्याने काढला. डावा डोळा लाल होता, पापणी सुजून आलेली. शेडमध्ये विष्ठेचा उग्र वास साठतो, त्याने डोळे चुरचुरतातच, गेली पंचवीस वर्षं चुरचुरतात, असं तो म्हणाला.

"वासाने दोन्ही डोळे लाल होतील, दादा. तुझा एकच झालाय."

"मग हात लागला असेल."

"हो," धाकटी म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

बारकीने नकळत आपले तळहात उलटे करून पाहिले. ते सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर हीरो हा शब्द पुन्हा निघाला नाही.

*

प्रश्न फोन करायचा की नाही एवढाच होता, आणि तो गुरुवारपासून लोंबकळत होता. जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना कळवलं की ते येणार, नमुने नेणार, आणि शंका खरी ठरली की फार्मवरचा एकूण एक पक्षी मारून पुरणार. नियम तसाच होता. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या शेडचं थोरल्याला फार वाटत नव्हतं. त्या विकत आणलेल्या कोंबड्या. वर्षाने पुन्हा आणता आल्या असत्या.

पहिल्या शेडमध्ये मूळ कळप होता. चारशे बारा पक्षी, राखेच्या रंगाचे, आखूड पायांचे, दिसायला अगदी सामान्य. आजोबांनी तो साठ वर्षांपूर्वी सुरू केला आणि एकच नियम पाळला: ज्या आठवड्यात उन्हाने माणसंही जमिनीवर पसरतात, त्या आठवड्यात जी कोंबडी अंडं देते, तिचंच पिल्लू पुढे ठेवायचं. साठ उन्हाळे. आता हे पक्षी कसल्याही उष्म्यात अंडी देत आणि जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठे नव्हते. वाटणीच्या वर्षी वडील आणि काका या दोन्ही भावांनी जमीन वाटली, विहीर वाटली, पण पहिल्या शेडला हात लावला नाही. ती कुणाच्याच वाट्याला गेली नाही, म्हणून सगळ्यांची राहिली.

काकांनी आता आपला विचार मांडला, आणि तो त्यांनी चांगला तयार करून आणला होता. पहिली शेड उबवणीच्या खोलीमागे, तीनशे पावलं लांब. तिचं पाणी वेगळं, दाणा वेगळा. तिथे एकही पक्षी मेलेला नाही. रस्त्यावरून ती दिसतसुद्धा नाही. फोन करायला त्यांची हरकत नव्हती. फक्त डॉक्टरांना तीन शेड सांगायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आणि त्यांनी विचारलं, मागे काय आहे?" सुनेने विचारलं.

काका म्हणाले, विचारतील तेव्हा बघू, आपणहून हात दाखवून अवलक्षण कशाला?

गंमत अशी की ही तडजोड ऐकून अंगणातला ताण जरा सैल झाला. थोरल्याने मान वर केली. आईही काही बोलली नाही. शुक्रवारपासून फोन कर म्हणून नवऱ्याच्या मागे लागलेली सूनसुद्धा गप्प झाली. तिला फोन व्हायला हवा होता, आणि तो होणार होता. त्यानंतर मुलीला घेऊन दवाखान्यात जाता येणार होतं. पहिल्या शेडचं खोटं तिला त्या क्षणी फार जड वाटलं नाही. फाटकाबाहेर बसलेल्या धाकटीने हे एकेकाच्या चेहऱ्यावर पाहिलं. आपण आता एकट्या पडलो आहोत, हे तिला समजलं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाही काकांचं पटावंसं वाटत होतं. लहानपणी त्या शेडमधल्या गरम अंड्यांनी तिने हिवाळ्यात हात शेकले होते.

तिने वाद घातला नाही. प्रयोगशाळेत एखादा निकाल पटला नाही तर ती नमुना पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेई. तिने तसंच केलं. पिशवीतून कागद काढला आणि म्हणाली, डॉक्टर आले की हे विचारणारच आहेत, तर आधी आपण नीट लिहून ठेवू. गुरुवारपासून कोण कुठल्या शेडमध्ये गेलं, आणि तिथून कुठे गेलं.

सुनेचं उत्तर सरळ होतं: दुसरी, तिसरी, घर. थोरल्याचं: तिसरी, चौथी, दगड, घर. बारकी गुरुवारी दगडापाशी, मग कुठेच नाही. आई फक्त घरात.

"काका?"

"मी पहिलीत. मी दुसरीकडे कशाला जाऊ?"

"तिसऱ्या शेडकडे अजिबात नाही?"

"नाही म्हटलं ना."

आई काकांकडे बघत होती. गेल्या चाळीस वर्षांत हा माणूस तिच्याशी खोटं बोलला होता तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा बोलताना त्याने असाच मनगटावरचा घड्याळाचा पट्टा फिरवला होता. शुक्रवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या मागच्या नळावर शर्टाच्या बाह्या धूत होता, तेही तिला आठवलं. तेव्हा तिला वाटलं होतं, ग्रीस लागलं असेल.

"भावोजी," ती म्हणाली, "शुक्रवारी तुम्ही बाह्या कशाला धुतल्यात?"

काकांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, मग काढला.

त्यांना मानमोडी पटली नव्हती. पुतण्याला बोलून दाखवलं असतं तर त्याला वाटलं असतं, काका अजून आपल्याला पोरगं समजतात. आधीच वाटणीनंतर दोघांत सगळं जपून जपून चालायचं. म्हणून शुक्रवारी पाच वाजता, थोरला चौथ्या शेडमध्ये असताना, त्यांनी पुरायच्या खड्ड्याशी ठेवलेल्यांतली एक मेलेली कोंबडी उचलली आणि उबवणीच्या खोलीमागे पत्र्यावर ठेवून उघडली. नुसत्या हातांनी. आजोबांनी शिकवलं होतं तसं. आणि पाहिल्याबरोबर त्यांना कळलं की ही मानमोडी नव्हे.

"मग?" धाकटीने विचारलं.

"मग काय. हात धुतले."

"आणि मग कुठे गेलात?"

त्यांनी मान खाली घातली. ते म्हणाले, मग घाबरलो आणि पहिल्या शेडमध्ये गेलो. पक्षी ठीक आहेत का बघायला. एकेकीला हातात घेऊन पाहिली. तेच बूट होते. तोच शर्ट.

लांब दुसऱ्या शेडचा पंखा ऐकू येत होता. काकांनी चेहरा वर केला तेव्हा ते कुणाकडे न पाहता म्हणाले, "मीच नेलं ना ते तिथे?"

धाकटीला हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणणं खोटं झालं असतं. ती म्हणाली, नक्की सांगता येत नाही. गेलं असेल, नसेलही. दोनतीन दिवसांत कळेल. आणि कळेपर्यंत तिथून काहीही बाहेर जाता कामा नये, एक पीससुद्धा.

आई उठली.

ती गाडीकडे चालत गेली तेव्हा सुनेला वाटलं, दिराची समजूत घालायला चाललीय. पण ती त्याच्यापासून चार हात अंतरावर थांबली आणि किल्ली मागितली.

"वहिनी," काका हळूच म्हणाले, "तुम्हीच तर निवडून दिलीत."

"मीच दिली. म्हणून मीच मागतेय."

मग तिने वळून सगळ्यांना सांगितलं. गाडीच्या डिकीत घोंगडीत गुंडाळून साठ अंडी होती, पहिल्या शेडची. काकांनी शनिवारी गोळा केली होती, आणि आज पहाटे तिने स्वतः ती एकेक करून दिव्यासमोर धरून पारखली होती. कवचाला केसाएवढी चीर असलेली बाजूला काढली, बाकीची दिली. इथून दोन तासांवर काकांच्या साडूचं उबवणी यंत्र होतं. एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली असती आणि मूळ कळप वाचला असता. हे तिने अगदी सपाट आवाजात सांगितलं. लग्न होऊन ती आली तेव्हा सासऱ्यांनी तिच्या हातात पहिल्यांदा दिलं ते या कळपाचं अंडं होतं, हे तिने सांगितलं नाही. ते सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं होतं.

धाकटीने विचारलं, साडूंच्या घरी कोण कोण असतं. तो प्रश्न तिने मुद्दाम विचारला नव्हता, कागद भरता भरता सवयीने विचारला. काका म्हणाले, साडू, त्याची बायको, सून. सुनेला सातवा महिना.

किल्ली त्यांनी गाडीच्या टपावर ठेवली आणि स्वतः बाजूला झाले. आईने ती उचलली, फाटकाकडे पाहिलं, मग धाकटीकडे. हात साबणाने धुईन, असं तिने न विचारताच सांगितलं.

कोंबडं झाकलं म्हणून, अशी एक म्हण आहे. ती या घरात इतकी वापरून झाली होती की पुरी कुणीच म्हणत नसे. सुनेच्या ती ओठांवर आली. काकांचा चेहरा पाहून तिने गिळली.

*

थोरल्याने खिशातून फोन काढला. डॉक्टरांचा नंबर गुरुवारपासून पडद्यावर वरच होता. दिवसातून पाचसहा वेळा तो काढून बघत असे आणि पुन्हा ठेवत असे. आता त्याला कळत होतं की आपण चार दिवस कळपाला जपत नव्हतो. आजोबांचं नाव राखणारा माणूस, ही आपली ओळख जपत होतो. मानमोडी हा शब्द त्याने ठिपके पाहूनच उच्चारला होता, आणि उच्चारताना समोर मुलगी पाय धरून उभी होती. ती शिकत होती. त्याने तिला खोटं शिकवलं होतं. त्याच्या डोळ्याचं त्याला फार वाटत नव्हतं. पण काल संध्याकाळी ती जिन्यात दोनदा खोकली होती, आणि तेव्हापासून तो प्रत्येक खोकला मोजत होता. सकाळपासून एकही नव्हता. एकही नव्हता, हेही तो मोजतच होता.

"बाबा," बारकी म्हणाली, "मी लावू का?"

"नको. मीच लावतो."

पलीकडे बराच वेळ घंटा वाजली. मग डॉक्टरांचा आवाज आला, मागे लहान मुलांचा गलका आणि भांड्यांचा आवाज, रविवार होता. थोरल्याने आपण कोण ते सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाले, तुमच्याकडून फोन म्हणजे नवलच, तुमच्या घरात तर डॉक्टर लागतच नाही. थोरला काही बोलला नाही. मग पलीकडचा गलका दूर गेला, एक दार लागल्याचं ऐकू आलं, आणि त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं, किती मेलेत.

त्याने दिवसवार आकडे सांगितले. पाण्याचे आधी. मग त्याला विचारलं गेलं, शेड किती.

काका अंगणाच्या कडेला उभे होते. त्यांनी डोळे मिटले. थोरल्याने त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तिच्या मुठीत किल्ली होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती. ना हो म्हणत होती, ना नाही.

"चार," तो म्हणाला. "आणि माणसं तीन. मी, माझी मुलगी आणि माझे काका. आम्ही हातमोजे घातले नव्हते."